वाढणाऱ्याचा हात

नरसिंग यादव प्रकरणावर मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक २०१६ च्या जुलै-ऑगस्टमधलं आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं, साप्ताहिकांतले लेख, पुरवण्यांतली स्फुटं, असं जमेल तेवढं मी गोळा करून वाचलं. या सगळ्या लिखाणाला एकच प्रश्न पडलेला दिसतो : नरसिंगने घेतलं की त्याला घातलं? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्यापलीकडे जवळजवळ कुणीच गेलं नाही. ज्या निकालपत्राने या माणसाचं ऑलिंपिक आणि त्यानंतरची चार वर्षं काढून घेतली, ते निकालपत्र वाचून त्यावर लिहिलेला एकही मराठी लेख माझ्या हाती लागलेला नाही. निकाल काय लागला हे सगळ्यांनी छापलं. निकाल कसा लिहिला आहे, त्यातला युक्तिवाद एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर कुठल्या जोरावर जातो, हे पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. आपण कवितासंग्रहाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. निकालपत्रसुद्धा कुणीतरी रचलेली गोष्टच असते, तिलाही निवेदक असतो, आणि त्या निवेदकाला काय दिसतं नि काय दिसत नाही हे तपासता येतं. तेवढंच इथे करायचं आहे.

आधी घटना. नरसिंग पंचम यादव हा मुंबईत जोगेश्वरीला वाढलेला, दुधाचा धंदा करणाऱ्याचा मुलगा. कांदिवलीच्या साई केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तयार झालेला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलोत सुवर्णपदक. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१२ चा अर्जुन पुरस्कार. महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलोची ऑलिंपिक जागा देशासाठी मिळवली. सुशील कुमार त्याच वजनाचा, दोन ऑलिंपिक पदकं गळ्यात असलेला. त्याने निवड-कुस्तीची मागणी केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जून २०१६ रोजी ती फेटाळली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच सोनीपतच्या शिबिरात २५ जूनला नरसिंगचा नमुना घेतला गेला. ५ जुलैला दुसरा घेतला. दोन्हींत मेथॅन्डिएनोन सापडलं.

हे मेथॅन्डिएनोन म्हणजे जुनं डायनाबॉल. १९५० च्या दशकाच्या शेवटी सीबा कंपनीने ते बाजारात आणलं आणि वजन उचलणाऱ्यांमध्ये ते इतकं पसरलं की व्यायामशाळांत त्याचं लाडकं नावही रूढ झालं. म्हणजे वस्तू काही गूढ नव्हे. साठ वर्षं जुनी, स्वस्त आणि प्रयोगशाळेला ओळखीची. ज्याला लपवायचं आहे त्याने ऑलिंपिकच्या तोंडावर हे का घ्यावं, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. प्रश्न बरोबर आहे, पण तो पुरावा नव्हे. उत्तेजक घेणारे लोक मूर्खपणा करत नाहीत असं मानायला कसलाही आधार नाही.

१ ऑगस्टला ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीने नरसिंगला निर्दोष ठरवलं. कुणीतरी त्याच्या खाण्यापिण्यात मिसळलं, त्याचा स्वतःचा दोष किंवा हलगर्जीपणा नाही, आणि एखाद्या वेळच्या सेवनाने फायदाही झाला नसता, असा त्या निर्णयाचा गाभा. ‘वाडा’ त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली. रिओत काही तासांची सुनावणी झाली आणि १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी आली. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली कुस्ती होती, फ्रान्सच्या झेलिमखान खाजिएव्हशी.

आता वाचन. ‘नाडा’च्या निर्णयाबद्दल मी फार हळवा होणार नाही. त्याची रचना आपल्याला आवडते कारण ती आपल्या कानावर शेकडो वर्षं पडलेल्या गोष्टीची रचना आहे : सरळ मनाचा पैलवान, भटारखान्यात वावरताना दिसलेला परका पोरगा, पेल्यात पडलेली चिमूट. आपल्याकडे मोठ्या कुस्तीआधी पैलवानाला बाहेरचं पाणीही पिऊ देत नाहीत. ही भीती तालमीच्या भिंतींत मुरलेली आहे, आणि तिला कारण नाही असंही नाही. पण निर्णय लिहिणाऱ्याने गोष्ट शक्य आहे एवढ्यावर थांबायचं नसतं, ती इतर शक्यतांपेक्षा अधिक संभवनीय आहे हे दाखवायचं असतं. ते या निर्णयात दिसत नाही. त्यात देशभर उसळलेल्या सहानुभूतीचा वारा आहे, आणि रिओचं विमान सुटण्याची घाई आहे.

लवादाचं निकालपत्र उलट टोकाचं आहे. थंड, क्रमवार, आणि एका तज्ज्ञ साक्षीवर उभं. माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापक क्रिस्टियान आयोत यांनी सांगितलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण गोळीच्या रूपात घेतलेल्या मात्रेशी जुळतं आणि ते एकाच वेळच्या सेवनाचं दिसत नाही. पाण्यात भुकटी टाकली होती या बचावाला हा थेट तडाखा होता. याच्या उलट बाजूला नरसिंगकडे काय होतं? कुणाला तरी स्वयंपाकघरापाशी पाहिलं अशा साक्षी, पोलिसांत केलेली तक्रार, आणि खोलीतल्या साथीदाराच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडल्याची वस्तुस्थिती. ही शेवटची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. दोघांनी एकाच पेल्यातलं प्यायलं असं एक बाजू म्हणते, दोघे एकाच डबीतल्या गोळ्या घेत होते असं दुसरी म्हणू शकते. तथ्य एकच, आणि ते दोन्ही गोष्टींत तितकंच चपखल बसतं.

नियम असा आहे : शरीरात द्रव्य सापडलं की गुन्हा सिद्ध. मग ते कुठून आलं हे खेळाडूने दाखवायचं, आणि तेही ‘असण्याचा संभव नसण्यापेक्षा जास्त’ या मापाने. नरसिंगला ते दाखवता आलं नाही. इथवर निकालपत्राशी मला भांडण नाही. पण लवाद इथे थांबत नाही. खेळाडूने गोळ्या एकापेक्षा जास्त वेळा, जाणूनबुजून घेतल्या हेच सर्वांत संभवनीय स्पष्टीकरण आहे, असं तो पुढे म्हणतो. ‘तुला सिद्ध करता आलं नाही’ हे एक विधान आणि ‘तू मुद्दाम केलंस’ हे दुसरं विधान. पहिलं नियमातून येतं. दुसरं माणसाच्या मनात शिरून केलेलं आहे. आयोत यांची साक्ष गोळीपर्यंत नेते, ती गोळी कुणाच्या हाताने आणि कुणाच्या सांगण्यावरून तोंडात गेली इथवर नेत नाही. नेऊही शकत नाही, कारण रसायनशास्त्र हेतू मोजत नाही. लवादाने गोळीपासून हेतूपर्यंतची उडी एका वाक्यात मारली, आणि आपल्याकडे ती उडी कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण आपण सगळे सुशील-नरसिंग या जोडीत अडकलो होतो. (सुशीलच्या दिशेने तेव्हा जी बोटं वळली त्यांना आधार देणारा कोणताही पुरावा लवादाला दिसला नाही, हेही इथे नोंदवायला हवं. मराठी वृत्तपत्रांनी ती बोटं मोठ्या टायपात छापली होती.)

नेमका याच वर्षी, सात महिने आधी, याच लवादाने दुसरा एक निकाल दिला होता. तो इथे कुणी वाचण्याचं कारण नव्हतं. एसेंडन हा मेलबर्नचा व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा, आपल्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतं. २०११ च्या अखेरीस या क्लबने स्टीफन डँक नावाच्या क्रीडाशास्त्रज्ञाला आणलं, आणि २०१२ च्या हंगामात खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. खेळाडूंनी संमतिपत्रांवर सह्या केल्या. त्यांत एओडी-९६०४, थायमोसिन, कोलोस्ट्रम आणि ट्रिब्युलस अशी नावं होती. क्लबचे जुने डॉक्टर ब्रूस रीड यांनी जानेवारी २०१२ मध्येच पत्र लिहून आपली नाराजी कळवली होती. कार्यक्रम थांबला नाही. ५ फेब्रुवारी २०१३ ला क्लबने स्वतःच जाऊन चौकशी मागितली. त्याच वर्षी झिगी स्विटकोव्स्की यांच्या अंतर्गत अहवालाने क्लबात औषधांचे प्रयोग चालल्याचं, त्यांना कुणी अडवलं नसल्याचं आणि त्यांची धड नोंदही ठेवली नसल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये लीगने क्लबला २० लाख डॉलर दंड केला, त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतून बाहेर काढलं, आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना १२ महिने निलंबित केलं.

इथपर्यंत शिक्षा क्लबला होत होती. मग ३४ खेळाडूंची पाळी आली. कुणाच्याही नमुन्यात काही सापडलेलं नव्हतं. थायमोसिन बीटा-४ नावाचं जे द्रव्य दिल्याचा आरोप होता ते पकडणारी खात्रीशीर चाचणीच तेव्हा नव्हती. ३१ मार्च २०१५ ला लीगच्या न्यायाधिकरणाने सर्वांना सोडलं : द्रव्य मागवलं, ते मेलबर्नला पोचलं, ते हेच होतं, ते याच खेळाडूला टोचलं, या साखळीतल्या कड्या आपल्याला समाधान होईल इतक्या जुळत नाहीत. ‘वाडा’ लवादाकडे गेली, आणि लवादाने साखळीची उपमाच टाकून दिली. पुरावे साखळीच्या कड्यांसारखे नसतात, दोरखंडाच्या पेडांसारखे असतात, एखादा पेड तुटला तरी दोर वजन पेलू शकतो, असं त्याने धरलं. संदेश, संमतिपत्रं, खरेदी, साक्षी असे सगळे पेड एकत्र वळून १२ जानेवारी २०१६ ला त्याने ३४ जणांना दोन वर्षं बंदी घातली. कर्णधार जोब वॉटसनला २०१२ चं ब्राउनलो पदक परत करावं लागलं. २०१६ च्या हंगामात क्लबने उसने खेळाडू घेऊन संघ उभा केला आणि तो तळाशी राहिला, १९३३ नंतर पहिल्यांदा.

दोन निकाल शेजारी ठेवले की उपमांचा खेळ दिसतो. एसेंडनला दोर चालला, कारण तिथे आरोप सिद्ध करायचा होता ‘वाडा’ने. नरसिंगला मात्र प्रत्येक कडी अखंड दाखवायची होती : कोण आलं, केव्हा आलं, कशात घातलं, किती घातलं, भुकटी होती की गोळी. त्याच्याकडेही पेड होते. सुटे, कच्चे, पण होते. त्यांचा दोर वळून पाहावा असं कुणाला वाटलं नाही. वळला असता तरी तो तुटला असता, असं माझं मत आहे, आयोत यांची साक्ष फार जड होती. पण वळून पाहणं आणि न पाहणं यांत फरक आहे. वेळही पाहा. एसेंडनची सुनावणी सिडनीत दिवसेंदिवस चालली, पाठीशी मोठी कायदेशीर फौज होती, निकाल यायला दोन महिने लागले. नरसिंगची सुनावणी कुस्तीच्या आदल्या दिवशी, परक्या गावात, घड्याळाकडे बघत झाली.

एसेंडनच्या खेळाडूंविरुद्ध लवादाचा सर्वांत बोचरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. त्या काळात उत्तेजक तपासणीसाठी नमुने देताना जो फॉर्म भरायचा असतो, त्यात अलीकडे घेतलेली औषधं लिहायची असतात. खेळाडूंनी या इंजेक्शनांचा उल्लेख केला नाही. रीड यांच्यासारख्या ओळखीच्या डॉक्टरला जाऊन विचारलं नाही. एकाने विसरावं हे समजू शकतं, पण सगळेच कसे विसरतात? एका सहीने घेतलं आणि दुसऱ्या सहीने लपवलं, असं ते दिसतं. तरीही मला वाटतं की लवादाने या गप्प बसण्याचा अर्थ फार एकरेषीय लावला. विशीतला पोरगा, करारावर खेळणारा, ज्याचा पुढच्या वर्षीचा करार याच प्रशिक्षकाच्या मर्जीवर आहे, तो जे लिहीत नाही ते नेहमी लबाडीमुळेच असतं असं नाही. साहेबाने गप्प राहा म्हटल्यावर गप्प राहिलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

याच जानेवारीत आणखी एक निकाल लागला, आणि तो मला या सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणा कागद वाटतो. मेलबर्नच्या दंडाधिकारी न्यायालयाने एसेंडनला दोन लाख डॉलरचा दंड केला. कलम उत्तेजकाचं नव्हतं, कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचं होतं. क्लब मालक आहे, खेळाडू कामगार आहेत, आणि कामगाराच्या अंगात मालकाने काय जाऊ दिलं याला मालक जबाबदार आहे, एवढं साधं तत्त्व. क्लबने गुन्हा कबूल केला होता. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच कृत्याबद्दल, क्रीडा कायद्याने टोचून घेणाऱ्याला दोषी ठरवलं आणि कामगार कायद्याने टोचवणाऱ्याला.

मी काही वर्षं तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काढली आहेत, म्हणून हा दुसरा निकाल मला चटकन समजला. भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असेल तर मालकाने कोणतं द्रव्य आहे आणि त्याचा काय धोका आहे हे कामगाराला सांगायचं, आणि त्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवून त्या त्याला पाहू द्यायच्या. अंमलबजावणी कशी होते ते सोडा, मी ज्या खात्यात होतो तिथे द्रावणाच्या पिंपावरचं लेबल वर्षभर उलटं चिकटलेलं होतं. पण कायदा लिहिताना जबाबदारीची दिशा सरळ आहे : विषाजवळ ज्याने उभं केलं तो आधी उत्तर देईल, जो उभा राहिला तो नंतर. खेळात ही दिशा बरोबर उलटी फिरवलेली आहे. एसेंडनमधल्या एका तरुण खेळाडूला तर आपल्याला काय टोचलं याच्या नोंदी मिळाव्यात म्हणून स्वतःच्याच क्लबविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

लोणावळ्यात राहणाऱ्याला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला हा माणूस. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो हे त्यांनी नळी आणि दाबमापक लावून मोजलं, क्ष-किरण चित्रं काढली आणि ती छापली. त्यांच्या काही निष्कर्षांबद्दल आज वाद घालता येईल. पण शरीरावर प्रयोग करायचा तर काय केलं, कशाने मोजलं हे लिहून जगापुढे ठेवायचं, ही शिस्त शंभर वर्षांपूर्वी या डोंगरावर होती. एकविसाव्या शतकात, कोट्यवधी डॉलरच्या क्लबात, ती नव्हती. आणि सोनीपतच्या सरकारी शिबिरात? तिथे ऑलिंपिकला जाणाऱ्या माणसाच्या ताटात कोण वाढतो, पावडरीचा डबा कुणाच्या ताब्यात असतो, स्वयंपाकघरात कुणाला मुभा आहे, याची एखादी वही असती तर नरसिंगचा बचाव एका दिवसात उभा राहिला असता, किंवा एका दिवसात कोसळला असता. दोन्ही चाललं असतं. शिबिर चालवणाऱ्यांना या वहीबद्दल लवादापुढे उत्तर द्यावं लागलं नाही, कारण त्यांच्यावर आरोपच नव्हता.

पुण्याजवळचं फुटबॉलचं उदाहरणही याच मालिकेतलं आहे. मार्च २०१७ मध्ये मुंबईतल्या राष्ट्रीय शिबिरात गोलरक्षक सुब्रत पालचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटलीन सापडलं. तेव्हा तो पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडून आय-लीग खेळत होता. टर्ब्युटलीन खोकल्याच्या औषधात असतं. महिनाभर बातम्या चालल्या, मग विषय मावळला, आणि पुढच्या हंगामात तो जमशेदपूरकडून इंडियन सुपर लीग खेळला, सर्वोत्तम गोलरक्षकाचा मानही त्याने मिळवला. क्लब मात्र राहिला नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात तेच टर्ब्युटलीन सापडलं. क्रिकेट मंडळ तेव्हा आपल्या खेळाडूंचा न्याय आपणच करत असे. मंडळाने खोकल्याच्या औषधाचा खुलासा मान्य केला, आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून मोजली, आणि जुलैअखेर जाहीर झालेली शिक्षा नोव्हेंबरच्या मध्याला संपलीही. टर्ब्युटलीन आणि मेथॅन्डिएनोन यांची तुलना होऊ शकत नाही, एक श्वासाचं औषध आहे आणि दुसरं स्नायू वाढवणारं स्टेरॉइड, नियमांतही त्यांचे वर्ग वेगळे आहेत. पण ज्याच्यामागे भक्कम मंडळ उभं आहे त्याच्या खुलाशाला जे कान मिळतात ते तालमीतल्या पोराला मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. शॉच्या निकालानंतर काही दिवसांतच क्रिकेट मंडळ ‘नाडा’च्या कक्षेत आलं.

आता मावळाकडे. वडगाव, कामशेत, पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ या पट्ट्यात जत्रेच्या हंगामात अजून फड लागतात. नारळावरच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामापर्यंत सगळं असतं, आणि तिथे लघवीचा नमुना मागणारं कुणी नसतं. तपासणी त्याच्यावरच्या पायरीवर सुरू होते, सवय मात्र या पायरीवर लागते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आता दूध डेअरीच्या शेजारी पावडरीच्या डब्यांची दुकानं आहेत. हे डबे अन्न म्हणून विकले जातात, औषध म्हणून नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, औषधांइतकी कडक परवाना-तपासणी त्यांना नाही. त्याच्याही पलीकडे पुण्यात मेफेंटरमाइनच्या बेकायदा विक्रीचे गुन्हे अलीकडे अनेकदा नोंदवले गेले आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याचं हे इंजेक्शन, आणि जिमच्या पोरांमध्ये ते व्यायामाआधी टोचण्याची फॅशन. ‘वाडा’च्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतले २१३ सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. हे आकडे पैलवानांना लाज वाटावी म्हणून छापले जातात. दुकानदारांचे, वस्तादांचे, प्रशिक्षकांचे आकडे कुणी छापत नाही, कारण ते मोजलेच जात नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी कायद्याने खेळाडूच्या साहाय्यकांनाही कक्षेत घेतलं आहे, पण आपल्या तालुक्यातली तालीम त्या कक्षेत कशी येणार, हे त्या कायद्यात शोधून सापडत नाही.

या लेखासाठी मी नाणे मावळातल्या एका तालमीत दोन-चारदा गेलो. एकोणीस वर्षांच्या एका मुलाला डब्यात काय आहे असं विचारलं, तर तो म्हणाला, “काका, डब्यावर लिहिलंय की सगळं.” मी लेबल वाचलं. प्रथिनांखाली एक ओळ होती : प्रोप्रायटरी ब्लेंड. म्हणजे आत कशाचं किती मिश्रण आहे ते आम्ही सांगणार नाही. हे मी त्याला सांगितलं. तो विचारात पडला, पण फार वेळ नाही. “दुकानवाले दादा स्वतः हेच घेतात,” म्हणाला. बिल घेतलं होतंस का? नव्हतं. उद्या हा मुलगा राज्य पातळीवर पोचला आणि त्याचा नमुना सदोष निघाला, तर डबा कुठला, बॅच कुठली, कुणी दिला, यांतलं काहीही त्याला दाखवता येणार नाही. नियम त्याला विचारील तो पहिला प्रश्न मात्र हाच असेल.

तिथले वस्ताद सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्या काळात खुराक घरून येई, दूध, तूप, बदाम, आणि पोराने काय खाल्लं याचा जाब वस्तादाला द्यावा लागे. बापच येऊन विचारायचा. ही व्यवस्था सोज्वळ होती असं मी म्हणत नाही, तिच्यात गरिबाच्या पोराला जागा कमी होती आणि वस्तादाचा शब्द म्हणजे कायदा होता. पण वाढणाऱ्याचा हात कुणाचा हे गावाला माहीत असायचं. वस्तादांकडे अजून दुधाच्या रतीबाची वही आहे. प्रत्येक पोराच्या नावापुढे लिटर, तारीख, पैसे दिले की बाकी. मी म्हटलं, “वस्ताद, हिच्यातच पावडरीचा एक रकाना ओढला तर? डब्याचं नाव, बॅच, कुठून आणला, एवढंच.”

“पोरं खरं सांगत्याल व्हय?” ते म्हणाले. “आन् सांगितलं आन् मी लिवलं, तर उद्या मलाच बोलावत्याल.”

मी म्हटलं, “बोलावलं पाहिजेच, वस्ताद.” ते हसले, वही बंद करून ट्रंकेत ठेवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिच्यात शेवटच्या बाजूला पेन्सिलीने एक उभी रेघ मारलेली होती. वर काही लिहिलेलं नव्हतं, आणि खाली एकाच पोराच्या नावापुढे एका डब्याचं नाव होतं, तेही अर्धंच.